कोंढ्याचं कॉमन पाखरू

कोंढ्यात कोणाच्या अंगणात पांढरी चादर ताणलेली दिसली की लोक विचारतात, कोणता पिक्चर आहे. तेजरामभाऊंच्या अंगणात पिक्चर नव्हता. दोन बांबू, त्यांना ताणून बांधलेली चादर, चादरीसमोर एक दांडगा दिवा आणि बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत स्वतः तेजरामभाऊ, एवढंच. प्रेक्षक उडत यायचे आणि थेट पडद्यावरच बसायचे.

सुरुवातीला गावानं चौकशी केली, मग थट्टा केली, मग सवय करून घेतली. गावाची ही पद्धतच आहे. नव्या सरपंचाच्या बाबतीतही त्यानं हेच केलं होतं. आता दिवेलागणीनंतर एखादा शेतकरी रस्त्यानं जाता जाता फाटकाशी थांबे, चादरीवरचं पिवळट पाखरू निरखी, "हा तर माह्या धानाचा खोडकिडा हाय" अशी ओळख पटवी, त्याला दोन शिव्या देई आणि हलक्या मनानं घरी जाई. तेजरामभाऊ कोणाला हाकलत नसत, ना पाखराला ना माणसाला.

चादर मुळात भावनाची. भावना ही त्यांची मुलगी. ती बंगलोरच्या एका संस्थेत रात्रीच्या पाखरांवर, म्हणजे पतंगांवर, संशोधन करते. ही बातमी गावात पहिल्यांदा फुटली तेव्हा पारावरून एक सूचना आली होती की, कोंबडीवर पीएचडी केली असती तर निदान शेवटी रस्सा तरी झाला असता. भावनानं ती मनावर घेतली नाही. दरवर्षी पोळ्याच्या अमावस्येला ती घरी यायची, कारण अंधार जितका गडद तितकी पाखरं जास्त. आल्या आल्या बांबू रोवायची, आणि बापाला खुर्ची टाकून बसवायची.

"बाबा, ही चादर म्हणजे आपल्या शिवाराची ग्रामसभा आहे," ती म्हणायची. "कोण कोण आलं ते बघायचं. आलेल्यांवरून कळतं, कोणती झाडं शिल्लक आहेत, कोणती गेली. ऐनाचं पाखरू आलं म्हणजे जवळपास ऐन आहे. नाही आलं म्हणजे कोणीतरी तोडलाय."

"न् कोरम?" तेजरामभाऊ विचारायचे.

"इथे कोरमची अडचण नाही. खोडकिडा एकटाच पूर्ण करतो."

तेजरामभाऊ हसायचे. दिव्यासमोर बसून लेकीशी असं बोलणं हा त्यांचा पोळा होता. त्यांच्याकडे बैल नव्हते.

तेजरामभाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरला होते. सगळी नोकरी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सांभाळण्यात काढली, आणि भावनाचं हे पाखरांचं वेडही त्या जुडग्यातूनच निघालं होतं. तेव्हा ते क्वार्टरमध्ये राहत. संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून उतरून ते दारातल्या दिव्याखाली उभे राहत आणि कुलूप उघडायला जुडगा काढत. एकदा फ्रॉकातली भावना मागून म्हणाली, "बाबा, तुमच्या किल्ल्या वाजल्या की पाखरं पडतात." त्यांनी जुडगा पुन्हा वाजवला. दिव्याभोवतीची दोन-तीन पाखरं खरंच पंख मिटून दगडासारखी खाली आली. किल्ल्यांच्या आवाजानं स्टोअरमधली माणसं सरळ होतात हे त्यांनी पाहिलं होतं. पाखरं पडतात हे नवीन होतं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात दार एका खेपेत उघडलंच नाही. आतून तुळसाबाई ओरडायच्या की बापलेक बाहेर काय पूजा करून राहिले, भाजी थंडी होते.

पाखरं का पडतात, हे भावनानं पुढे शिकून सांगितलं. किल्ल्यांच्या खुळखुळण्यात आपल्याला ऐकू न येणारा एक बारीक आवाज असतो, आणि तो वटवाघळाच्या आवाजासारखा असतो. "लाखो वर्षांपूर्वी ज्यांना तो ऐकू आला ती पडली आणि वाचली, बाबा. ज्यांना नाही आला त्यांची पोरंबाळं आज आपल्या दिव्यावर नाहीत."

निवृत्तीनंतर जुडगा फॅक्टरीत जमा झाला. तेजरामभाऊंनी घराच्या, पेटीच्या आणि शेतातल्या मोटारपंपाच्या किल्ल्या एकत्र करून तेवढाच जड दुसरा जुडगा तयार केला. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं आता अस्तित्वात नव्हती.

मागच्या पोळ्याला भावना आली नाही. यंदाही येणार नव्हती. तिचं काम अरुणाचलकडे सरकलं होतं.

"तिकडे एका चादरीवर इतक्या जाती येतात बाबा, की मोजता मोजता सकाळ होते," ती फोनवर म्हणाली होती. "आपल्याकडचं सगळं आधीच नोंदवून झालंय."

दुसरा कोणी बाप असता तर त्याला वाईट वाटलं असतं. तेजरामभाऊंना अपमान वाटला, आणि तोही भंडारा जिल्ह्याचा. जिल्ह्यात तलाव आहेत, वाघ आहेत, तांदूळ आहे. मग पाखरांतच कमी पडायचं कारण काय? त्या दिवसापासून त्यांनी चादर स्वतः बांधायला घेतली. रोज जे येईल त्याचा फोटो काढून ते भावनाला पाठवत. पाठीवर कवटीचं चित्र असलेलं पाठवलं. चिमणीएवढं, फुलासमोर उभ्या उभ्या उडणारं पाठवलं. चिमणीच्या शिटेसारखं दिसणारं एक पाठवलं. ते पुढे शीटच निघालं. भावनाचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. एक लांबलचक लॅटिन नाव, आणि त्याखाली : "कॉमन आहे बाबा."

हा 'कॉमन' शब्द तेजरामभाऊंच्या जिवाला लागला. दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या ते अचानक म्हणत, "अरुणाचलातही तर थे कॉमनच असन ना?"

"तुमी तिले सरळ ये म्हणून काहून नाही म्हणत?" तुळसाबाई विचारत. त्या तांदूळ निवडत असत. प्रश्न विचारायला त्यांना मान वर करावी लागत नसे.

"कामावरच्या माणसाले असं बोलावतेत का?"

"मी बोलावू?"

"नाही. काही कारण पाह्यजे."

कारण. तेजरामभाऊंचं सगळं आयुष्य या शब्दाच्या अलीकडे अडकलं होतं. फॅक्टरीत रजेच्या अर्जावर कारणाचा रकाना असे, आणि तो रिकामा राहिला तर अर्ज परत येई. आजारपण चाले, लग्न चाले, मयत तर उत्तमच. 'आठवण येते' हे कारण कोणत्याही नियमात बसत नव्हतं. स्वतःची आई कोंढ्यात वाट बघायची तेव्हाही त्यांनी ते कधी लिहिलं नव्हतं. ते लिहीत, 'घराचे छप्पर'. त्या छपराची इतक्या वेळा दुरुस्ती झाली की साहेबानं एकदा विचारलं होतं, तुमचं घर आहे की तंबू.

तेव्हा लेकीला यायला लावील असं एखादं कारण हवं होतं, आणि ते पंखवालं असायला हवं होतं.

ते कारण शेवटी भावनानंच दिलं. असंच एकदा 'कॉमन' झाल्यावर तेजरामभाऊंनी विचारलं, "मंग कॉमन नाही असं इकडं काहीच नाही का?"

ती म्हणाली, "एक आहे. कोशाचं पाखरू, टसर रेशमाचं."

"थे तर ढिवर लोक पाळतेत. तुलाराम पाळते."

"पाळलेलं नाही. जंगली. प्रत्येक जंगलातलं कोशाचं पाखरू थोडं थोडं वेगळं घडत गेलंय, बाबा. आता पाळण्यासाठी बाहेरची अंडी वाटतात. ती पाखरं उडून जातात, इथल्यांत मिसळतात. कोंढ्याच्या बाजूला जुन्या वाणाचं जंगली पाखरू उरलंय का, कोणालाच माहीत नाही. उरलं असेल तर ते मला हातात घेऊन तपासावं लागेल. फोटोवरून नाही कळत."

"म्हणजे तुले यावं लागन?"

"मिळालं तर यावंच लागेल," भावना हसून म्हणाली.

तेजरामभाऊंनी फोन ठेवला आणि पायात चपला घातल्या.

तुलाराम हा त्यांचा शाळेतला सोबती. तो पवनीच्या पलीकडे जंगलालगतच्या गावात राहायचा. ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळायचा आणि उरलेला वेळ त्यांच्यावरून पक्षी हाकलण्यात घालवायचा. तेजरामभाऊ पोचले तेव्हा तो गलोल घेऊन झाडाखाली बसला होता.

"काय बे तेजराम, आज इकडं कसा?"

"मले एक मादी पाह्यजे."

तुलारामनं गलोल खाली ठेवली. "या वयात? तुळसावयनीले इचारलं का?"

"कोशाची, बे."

"हां, मंग हरकत नाही."

ढिवरांची ही जुनी रीत तेजरामभाऊंनी लहानपणी पाहिली होती. कोसा फोडून मादी बाहेर आली की तिच्या पंखाच्या बुडाशी दोरा बांधून तिला ऐनाच्या फांदीला लटकवून ठेवायचं. ती उडत नाही, ओरडत नाही. अंधारात नुसती बसून राहते. पहाटे पाहावं तर जंगलातून कुठून तरी नर येऊन तिच्याजवळ बसलेला असतो.

"वासानं बोलावते थे," तुलाराम म्हणाला. "आपल्या नाकाले काही समजत नाही. पण नराले लई दुरून समजते. थो फक्त जाते. नराले बोलावता येत नाही, त्याचं काम जायचं. न् एक सांगतो, दोघांयलेही तोंड नसते. जलमले तवापासून मरेपर्यंत काही खात नाही, पेत नाही. चार-सहा दिवसांचा खेळ."

"तोंड नाही तर बरं हाय," तेजरामभाऊ म्हणाले. "फोनचा खर्च नाही."

तुलारामनं एका फडक्यात दोन कोसे बांधून दिले, एक मोठा आणि एक लहान. "मोठा मादीचा, लहाना नराचा. जंगलातून कोणी नाहीच आलं तर हा तरी तिच्यापाशी सोड. तिची अंडी कायले वाया घालवतं? न् उजेड नोको. उजेड असला का नर तिच्याकडं नाही येत, उजेडाकडं जाते. माणसावानीच हाय."

उजेडाची अडचण होती. कोंढ्याच्या चौकात नुकताच उंच खांबावरचा मोठा दिवा लागला होता. त्याच्या उजेडात गावातल्या गाईम्हशींना रात्र कधी झाली ते कळत नव्हतं, आणि तेजरामभाऊंच्या चादरीवरची हजेरी निम्म्यानं घटली होती. सरपंच रुखमिणीबाई होत्या. त्यांच्या वतीनं बोलण्याचं काम त्यांचे यजमान टेकचंद करत. तेजरामभाऊ त्यांच्याकडे गेले.

"जयभीम, तेजरामभाऊ. बसा. काय म्हणते पाखरं?"

"पोळ्यापर्यंत चौकातला दिवा बंद ठेवता येईल का?"

टेकचंदनं गंभीरपणे मान हलवली. "उद्घाटन झालं आहे, भाऊ. उद्घाटन झालेली वस्तू बंद करायचा अधिकार पंचायतीले नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण आपोआप बंद पडली तर त्याले कोणाची परवानगी लागत नाही. दिवा लागून महिना झाला. तुमी थोडा धीर धरा."

तेजरामभाऊंनी धीर धरला. टेकचंदचा अनुभव दांडगा होता; त्याच आठवड्यात दिवा बंद पडला.

कोसे त्यांनी परसातल्या ऐनाजवळ टोपलीत लटकवले होते. एका संध्याकाळी चहा पिऊन ते परसात गेले, तर टोपलीच्या काठाला एक पाखरू बसलेलं. तांबूस, तळहाताएवढं. पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्यात काच बसवावी तसा आरपार दिसणारा ठिपका. डोक्यावर दोन रुंद पिसं, अशी बारीक विंचरलेली की लग्नाला निघालंय असं वाटावं. पंख अजून ओले होते. तेजरामभाऊ बघतच राहिले. हिला बोलवायचं कळत असणार. कोसा कोणता फुटला ते पाहावं असं त्यांना सुचलंच नाही. एवढा नट्टापट्टा म्हणजे मादीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"तुळसा, मादी निघाली. दोरा आण."

तुळसाबाईंनी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणला आणि पाखराकडे बारकाईनं पाहिलं. "मले नाही वाटत. एवढं नटून बसला, थो गडीच असन. बाईमाणसाले कामं असतेत."

"तुले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत. दोरा लाल चालन ना?"

पंख वाळल्यावर तेजरामभाऊंनी पंखाच्या बुडाशी लाल दोरा बांधला, तो फांदीला अडकवला आणि चादरीचा दिवा मालवला. अंगण कित्येक दिवसांनी काळंभोर झालं. पोटरीत आलेल्या धानाचा वास बांधावरून येत होता. ते उशिरापर्यंत बसले नाहीत. बापानं दारात ताटकळत बसलं की येणारा संकोचतो, असा त्यांचा अंदाज होता. पण पहाटे उजाडायच्या आत उठून ते परसात गेले.

कोणी आलं नव्हतं. दुसऱ्या पहाटेही नाही. ते पाखरू एकटंच फांदीला लटकून होतं. त्याची पिसं हलत, थांबत, पुन्हा हलत. त्या हलण्यात एक अशी घालमेल होती की तेजरामभाऊ स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. "येईन," ते हळूच म्हणाले. "कामात असन."

घरात येऊन त्यांनी फोटो भावनाला पाठवला. खाली लिहिलं : 'मादी बांधली आहे. अद्याप कोणी आले नाही. वाट पाहणे सुरू.' फॅक्टरीची भाषा सुटत नव्हती.

उत्तर या वेळी लगेच आलं. "बाबा, हा नर आहे." आणि त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग.

पाठोपाठ दुसरा निरोप : "रुंद पिसं नराची असतात. मादीचा वास पकडायला. नर आधी निघतात आणि वाट बघत बसतात. तुम्ही बिचाऱ्याला बांधून ठेवलं आणि त्याचीच वाट पाहताय."

तेजरामभाऊंनी निरोप दोनदा वाचला. चुकीबद्दल त्यांना काही वाटलं नाही. लेक हसली होती. कित्येक महिन्यांत 'कॉमन' सोडून तिनं काही लिहिलं होतं.

"काय म्हणते?" तुळसाबाईंनी विचारलं.

"गडी हाय म्हणते."

तुळसाबाई तांदूळ निवडत राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं दुपारपर्यंत पुरलं.

तेजरामभाऊंनी नराचा दोरा सोडायला घेतला, पण गाठ पंखाच्या मुळाशी रुतली होती. ओढावी तर पंख फाटेल. त्यांनी दोरा कात्रीनं जवळून कापला; दोन तांदळांएवढं लाल टोक तेवढं राहिलं. संध्याकाळ होताच नर उडाला, घरावरून एक वळसा घेऊन तलावाच्या बाजूला गेला.

त्याच संध्याकाळी मोठा कोसा फुटला. ही खरी मादी होती. पिवळसर, थोराड, पोट जड, डोक्यावरची पिसं अगदी साधी. घरकाम आटोपून ओसरीवर टेकलेल्या बाईसारखी ती निवांत बसली. तुळसाबाईंनी तिला पाहिलं आणि न मागता दोरा दिला. पिवळा दिला, साडीला शोभेल असा.

त्या पहाटे तेजरामभाऊ बाहेर आले तेव्हा आभाळ नुकतं राखाडी झालं होतं. ऐनाच्या फांदीला दोन पाखरं होती.

ते दारातच थांबले. पाय पुढे टाकला आणि उडून गेलं तर? मग भिंतीच्या कडेनं, चोरासारखे, ते झाडापर्यंत गेले. मादीला लागून एक तांबूस नर बसला होता. पंख पसरलेले, अगदी शांत. कोंढ्यात कोणीच कोशाची पाखरं पाळत नाही. तुलारामचं जंगल नदीपलीकडे. म्हणजे हा जंगलातून आला होता. कुठल्या तरी उरल्यासुरल्या ऐनावरून, एवढ्या धानाच्या बांध्या ओलांडून, न दिसणाऱ्या हाकेला ओ देत आला होता. तेजरामभाऊंनी डावीकडून फोटो काढला, आणखी एक काढला. भावना येणार. बांबू रोवणार. 'बाबा, खुर्ची इकडे घ्या' म्हणणार.

मग ते उजव्या बाजूला गेले.

पंखाच्या मुळाशी दोन तांदळांएवढं लाल टोक होतं.

तेजरामभाऊ स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या दोऱ्याकडे पाहत राहिले, जणू पाहता पाहता तो पिवळा होईल. तलावाच्या बाजूला गेलेला हा गडी फिरून परत त्याच परसात आला होता.

तुळसाबाई चुलीवरचं पाणी उतरवून बाहेर आल्या. "आला का?"

"आला."

"जंगलातला?"

तेजरामभाऊंनी फोन त्यांच्यापुढे धरला. फोटोत नर होता, मादी होती, मागे राखाडी आभाळ होतं. दोरा नव्हता. तो पंखाच्या आड गेला होता.

तुळसाबाईंनी फोटो पाहिला, मग झाडाशी जाऊन पाखरू पाहिलं. त्यांचा दोरा त्या कुठंही ओळखत.

"पाठवून राहिले?"

"फोटो खोटा नाही," तेजरामभाऊ म्हणाले. "जे दिसते थे दिसते."

"न् आल्यावर?"

"आल्यावर तपासन. तिले समजन. पण तवा आली राहीन ना." हे बोलताना त्यांनी तुळसाबाईंकडे पाहिलं नाही.

तुळसाबाई पायरीवर बसल्या. "येईन. एका दिवसात समजन. बापाच्या तोंडावर काही म्हणणार नाही. जेवून-खाऊन जाईन. न् मंग ज्या दिवशी खरंच जंगलातलं येईन, त्या दिवशी तुमी फोटो पाठवसान, न् पोरगी मनात म्हणन, दोरा कुठं असन याले."

तेजरामभाऊंचा अंगठा फोनवर होता. तुळसाबाईंचं ते साधं, कॉमन वाक्य होतं. त्याला लॅटिन नाव नव्हतं. त्यांनी फोटोवरून अंगठा काढला आणि खिशात हात घातला. हाताला जुडगा लागला, तो त्यांनी मुठीत धरला; वाजू दिला नाही. पाखरं पडली असती.

मग त्यांनी फोन लावला.

"जयभीम बाबा. एवढ्या सकाळी?" भावनाचा आवाज झोपेतला होता, आणि लगेच जागा झाला. "आला का नर?"

"आला."

"खरं? कुठून? फोटो पाठवा ना. हात नका लावू त्याला, मी…"

"तुलारामचाच हाय. काल सोडलेला. दोरा हाय त्याच्या पाखाले."

"अच्छा," ती म्हणाली. त्या एका शब्दात अरुणाचल पुन्हा सुरू झालं. "असू द्या. होतं असं. त्याला बाहेरचं कोणी मिळालं नसेल, म्हणून परत आला."

"हो."

"मग? आणखी काही?"

तेजरामभाऊंनी ऐनाकडे पाहिलं. मादी तशीच बसली होती. तिचं काम झालं होतं. ती आता कोणाला बोलवत नव्हती. तुलाराम म्हणाला होता, नराले बोलावता येत नाही. त्यांनी घसा साफ केला, जसा ते साहेबाच्या केबिनबाहेर करत.

"आणखी काही नाही," ते म्हणाले. "तू ये."

फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा लावला.

"काही झालंय का बाबा? आईची तब्येत?"

"तब्येत बरी हाय."

"तुमची?"

"माहीही बरी हाय. छप्परही बरं हाय."

भावना हसली नाही. "रजा टाकायची तर कारण काय लिहू?"

"थे मले नाही समजत," तेजरामभाऊ म्हणाले. "मलेही कधी लिहिता नाही आलं."

तिच्याकडच्या सकाळचे आवाज येत होते; कुठे तरी कुकरची शिट्टी, दुधवाल्याची गाडी. मग ती म्हणाली, "पोळ्याला नाही जमणार, बाबा. तिकीट काढलंय अरुणाचलचं. पंधरा-वीस दिवसांनी परत येईन तेव्हा जमेल. पण तेव्हा पौर्णिमा असेल. टिपूर चांदणं. चादरीवर काही म्हणजे काही येणार नाही."

"नाही येत तर नाही येत."

"खोडकिडासुद्धा नाही."

"त्याले मी सांगून देतो."

आता ती हसली. मग म्हणाली, "आईला द्या जरा," आणि तुळसाबाई फोन घेऊन आत गेल्या. त्या भाजी कोणती आणि कशी, हे सविस्तर बोलू लागल्या. त्यांना कारण लागत नसे.

तेजरामभाऊ शिवणाच्या डब्यातली बारकी कात्री घेऊन झाडाशी गेले. आधी मादीचा पिवळा दोरा कापला. मग श्वास रोखून नराच्या पंखाखालचं लाल टोक, गाठीसकट, सोडवायचा प्रयत्न करत राहिले. गाठ घट्ट होती, आणि घाई कशाची नव्हती. दिवस वर आला. चौकातला मोठा दिवा कसा कोण जाणे दुरुस्त झाला होता, आणि लख्ख उन्हात जळत होता.